मांजराच्या वाटीत घरची पूरक पूड घालावी का?

चौथा मजला (मूळ मांडणी; चर्चेतली सर्व नावे टोपणनावे)

मांजराला उकडलेली कोंबडी द्यायची आणि वरून अंड्याच्या कवचाची पूड, थोडी कलेजी, चिमूटभर हळद व माशाच्या तेलाचे दोन थेंब घालून ‘घरचे टॉनिक’ करायचे, ही पद्धत पुण्या-मुंबईच्या सदनिकांमध्ये आता चांगलीच रुळली आहे. माझा आक्षेप घरच्या अन्नाला नाही. तो अंदाजपंचे घातल्या जाणाऱ्या पुरवणीला आहे, आणि पूर्ण आहार म्हणून विकले जाणारे खाद्य खाणाऱ्या धडधाकट मांजराला वरून ही पूड चारण्याला तर अधिकच आहे.

कवचाची पूडच घेऊ. बिनहाडाच्या १०० ग्रॅम कोंबडीत कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम असते, तर फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास. मांजराला ही दोन्ही द्रव्ये साधारण सारख्या प्रमाणात, किंवा कॅल्शियम किंचित जास्त, अशी लागतात. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर ही तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते आणि मग पलंगावरून मारलेल्या साध्या उडीनेही पाय मोडतो. तेव्हा कॅल्शियम घातले पाहिजे, हे कवचवाल्यांचे म्हणणे खरेच आहे. मात्र कवचाच्या १ ग्रॅम पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे १०० ग्रॅम मांसाला अर्धा ते पाऊण ग्रॅम पूड पुरते. चहाचा सपाट चमचा पाच ग्रॅमच्या घरात जातो. ‘एक चमचा घाला’ असा सल्ला ऐकणारा माणूस गरजेच्या आठ-नऊपट कॅल्शियम घालत असतो, आणि हे जादा कॅल्शियम जस्त व मॅग्नेशियम यांच्या शोषणाच्या आड येते.

कलेजीचेही तसेच. गाजर-भोपळ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणे मांजराला जमत नाही, म्हणून थोडी कलेजी हवी. पण रोज वाटीभर कलेजी खाऊन मानेच्या मणक्यांवर हाड वाढलेल्या मांजरांची नोंद ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यकांनी १९६०च्या दशकातच करून ठेवली आहे. अशा मांजराला मान वळवता येत नाही, त्यामुळे ते स्वतःला चाटून स्वच्छ करणे सोडते, आणि घरच्यांना वाटते की ते म्हातारपणामुळे आळशी झाले आहे.

वाडेकरीण

आपली आकडेमोड मी मन लावून वाचली, तरी ती मला पटलेली नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात मांजरांच्या कित्येक पिढ्या दूधपोळीवर वाढल्या. त्यांच्यासाठी कुणी तराजू काढला नाही आणि त्यांची मान वळायचीही थांबली नाही. हल्ली माणसाच्या आहाराला जशी मिलिग्रॅमची भीती चिकटली आहे तशीच ती आपण मांजरांनाही चिकटवत आहोत, असे मला वाटते. प्राण्याला काय हवे ते त्याचे त्यालाच कळते.

तराजू

वाडेकरीणबाई, वाड्यातली मांजर दूधपोळी खात असे हे खरे, पण त्या दूधपोळीवर ती जगत होती असे म्हणता येणार नाही. माळ्यावरचे उंदीर, परसातल्या पाली, एखादी चिमणी हा तिचा खरा आहार होता. उंदीर म्हणजे मांस, हाड, यकृत, हृदय आणि टॉरीन (मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे एक पोषकद्रव्य) असे सगळे योग्य प्रमाणात एकत्र आलेले जेवण, आणि दूधपोळी ही त्यावरची गंमत. चौथ्या मजल्यावर खिडकीला जाळी लावून ठेवलेल्या मांजराला हा उंदीर मिळत नाही. शिवाय त्या काळी वाड्यातली किती पिल्ले जगत आणि किती नाहीशी होत, याचा हिशेब कुणी ठेवला होता? मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूधही नीट पचत नाही, हे वेगळेच.

बंदरकर

मी घरच्या बाजूचा आहे आणि माझे कारण परंपरा हे नाही. ‘तयार खाद्य शास्त्रशुद्ध असते, त्यात हात घालू नका’ असे इथे जे गृहीत धरले जात आहे त्याला माझी हरकत आहे. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की टॉरीन कमी पडल्यामुळे मांजरांच्या हृदयाचा स्नायू ताणून पातळ होतो आणि टॉरीन दिल्यावर तो सुधारतो. ती मांजरे काय खात होती? बाजारात विकले जाणारे तयार खाद्यच. पुढे २००७ साली अमेरिकेत मेलामाइन या औद्योगिक रसायनाची भेसळ असलेल्या ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे, मांजरांची आणि कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, तेही पिशवीबंद आणि डबाबंद खाद्यातूनच. चुका दोन्हीकडे होत असतील तर निदान माझ्या पातेल्यात काय पडले ते मला माहीत असते. रत्नागिरीच्या बाजूला दारात ताजी मासळी येते. ती सोडून महिन्याला हजारो रुपये कोरड्या दाण्यांवर घालवावेत, हे मला तरी पटत नाही. आमच्या बोक्याला तारली, बांगडा आणि वर कॉड लिव्हर तेल मिळते, आणि त्याची कातडी आरशासारखी चकाकते.

चौथा मजला

बंदरकर, १९८७चा दाखला आपण योग्यच दिलात, पण त्याचा पुढचा भाग राहिला. खाद्यात टॉरीन किती आहे आणि मांजराच्या रक्तात किती पोहोचते हे मोजता आले म्हणून चूक सापडली आणि त्यानंतर उत्पादकांनी टॉरीनचे प्रमाण वाढवले. आपल्या पातेल्यात काय पडले ते आपल्याला माहीत आहे, परंतु किती पडले आणि शिजल्यावर त्यातले किती उरले ते माहीत आहे का? टॉरीन पाण्यात उतरते, त्यामुळे कोंबडी उकळून ते पाणी मोरीत ओतणारी घरे टॉरीनही मोरीत ओततात. कोंबडीच्या छातीच्या पांढऱ्या मांसात ते मुळातच कमी असते, मांडीच्या गडद मांसात आणि हृदयात कितीतरी जास्त. आपण मात्र मांजराचे लाड म्हणून नेमके छातीचे तुकडे निवडतो.

डेव्हिसच्या त्याच विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ साली पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती गोळा करून तपासल्या. ज्यांचे पृथक्करण करता आले त्यांतली एकही सर्व आवश्यक पोषकद्रव्यांच्या कसोटीला पुरी उतरली नाही, आणि त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या.

तारलीबद्दल एक सांगतो. तेलकट मासळी हाच मुख्य आहार झाला आणि ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडले, तर मांजराच्या कातडीखालची चरबी सुजून दुखू लागते. त्याला उचलून घेतले तरी ते ओरडते. मासळी शिजवल्याने हा धोका टळत नाही. कॉड लिव्हर तेलात ‘अ’ आणि ‘ड’ ही दोन्ही जीवनसत्त्वे भरपूर असतात आणि आपण कलेजीही देत असाल तर ती बेरीज कुणी केली आहे?

शाकाहारी घर

आमच्या घरात मांस-मासळी शिजत नाही आणि शिजणारही नाही, पण रस्त्यावर सापडलेले पिल्लू टाकून देणेही आम्हाला शक्य नव्हते. बाजारात मिळणारे टॉरीन बहुतेक कृत्रिमरीत्या तयार केलेले असते, असे वाचले. मग वरण-भात, दही आणि त्यावर टॉरीनची पूड एवढ्यावर मांजर का जगू नये?

गुरांचा डॉक्टर

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे, त्यामुळे या प्रश्नाला आडवळणाने उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. नाही, त्यावर मांजर जगणार नाही. उणीव एकट्या टॉरीनची नसते. तयार स्वरूपातले ‘अ’ जीवनसत्त्व, अ‍ॅराकिडॉनिक आम्ल (एक आवश्यक स्निग्धाम्ल), नायसिन (एक ‘ब’ जीवनसत्त्व), बी-१२ आणि भरपूर प्रथिने हे सारे त्याला अन्नातूनच मिळावे लागते. माणसाच्या शरीरात यांतले जे काही तयार होते ते मांजराच्या शरीरात एक तर होत नाही किंवा पुरेसे होत नाही. आपल्या घरासाठी मार्ग एकच आहे, तो म्हणजे तयार मांसाहारी खाद्य आणावे आणि पिशवी गॅलरीत ठेवावी. ते शिजवावे लागत नाही.

आता पुरवणीबद्दल. चिमूटभर हळदीची मला चिंता नाही. मला भीती वाटते ती औषधाच्या कपाटाची. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आपल्याकडे घरोघरी असतात, आणि ‘माणसाला चालते तर चिमूटभर मांजरालाही’ म्हणून त्या वाटीत जातात. हेच द्रव्य उंदीर मारण्याच्या काही विषांतही वापरतात. त्याने मांजराच्या रक्तातले कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जंत पडावेत म्हणून लसूण देणे, किंवा कांदा घातलेला आपलाच रस्सा ‘सत्त्व’ म्हणून पाजणे हेही थांबवा. त्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात.

कच्च्या मांसाचे समर्थन इथे अजून कुणी केलेले नाही, पण ते होईल म्हणून आधीच सांगतो. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले. मांजरही त्याच कुळातले आहे. कोंबडी शिजवा आणि ते पाणी मांसासोबतच द्या.

बंदरकर

डॉक्टरसाहेब, चौथा मजला म्हणतात ती तेलाची आणि कलेजीची बेरीज मी करीन, हे मान्य. तरीही माझा मूळ मुद्दा उरतोच. वजनाचा छोटा काटा, लिहून काढलेली पाककृती आणि आहारशास्त्र जाणणाऱ्या पशुवैद्याची तपासणी एवढे असेल तर घरचे अन्न बाजारच्या तोडीस तोड होऊ शकते की नाही?

गुरांचा डॉक्टर

होऊ शकते. अट एवढीच की पाककृती एकदा ठरली की ती पाळावी. आज मांडीऐवजी छाती आणि उद्या कलेजी संपली म्हणून मासळी असे केले, तर केलेली तपासणी निरर्थक ठरते. चौथा मजला यांच्याशी माझा मतभेद इथेच आहे. त्यांचा सूर घरच्या स्वयंपाकाला परावृत्त करणारा आहे, आणि मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा आजार असलेल्या काही मांजरांना नेमके आखून दिलेले घरचे अन्नच उपयोगी पडते.

वाडेकरीण

मूत्रपिंडाचा विषय निघाला म्हणून विचारते. आमची मनी चौदा वर्षांची आहे आणि तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले निघाले आहे. तिला मटणाच्या हाडांचा चुरा देतो, तो चालू ठेवावा की त्याऐवजी कवचाची पूड द्यावी?

गुरांचा डॉक्टर

हाडांचा चुरा आजच बंद करा. हाडात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही मोठ्या प्रमाणात असतो, आणि नेमका तोच तिच्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. कवचात फॉस्फरस नगण्य असतो, म्हणून ते तुलनेने बरे. तथापि अशा काही मांजरांच्या रक्तात कॅल्शियम आधीच चढलेले असते, आणि तसे असल्यास कवचही नको. फॉस्फरस आणि कॅल्शियम या दोन्हींची रक्ततपासणी करून घ्या आणि ते आकडे घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत तिला पाणी भरपूर मिळेल असे पाहा आणि अन्न ओलसर द्या.