चार ऋतूंची चार क्रॉस स्टिच चित्रं, फ्रेम एकच: कापड, क्रम आणि वेळ याबद्दल सल्ला हवा

पानगळ
नमस्कार मंडळी. चार वर्षं क्रॉस स्टिच (फुलीच्या टाक्यांचं भरतकाम) करतेय, पण आजवर सगळी तयार किटं. यंदा पहिल्यांदाच स्वतःचा नमुना चौकटीच्या कागदावर काढलाय. एकच झाड चार वेळा: कोवळी पालवी, भर उन्हाळ्यातली गर्द सावली, पानगळ आणि बर्फातल्या नुसत्या फांद्या. प्रत्येक चित्र ७० बाय ७० फुल्यांचं. घरात एक चौकोनी फ्रेम रिकामी आहे, दिसणारी जागा बरोबर ५ इंच. ऋतू बदलला की चित्र बदलायचं.

माझ्याकडे २४ नंबरची सुई, लाकडी रिंग आणि चाळीसेक लड्या आहेत. नवा खर्च फक्त कापड आणि फार तर दहा लड्या. दिवा, स्टँड, नवी फ्रेम यातलं काहीही घ्यायचं नाही.

वेळ रोज पाऊण तास. संध्याकाळचं फिरणं, वाचन आणि शब्दकोडी मला सोडायची नाहीत. विचारायचं ते असं: कापड १४ काउंटचं (म्हणजे इंचाला १४ फुल्या) घेऊ की १८? कुठल्या ऋतूपासून सुरुवात करू? आणि टाके घालताना पुस्तक ऐकलं तर मोजणी चुकते का?

सहापदरी
१४ डोळे झाकून घ्या. ७० भागिले १४ म्हणजे ५ इंच, तुमच्या फ्रेमइतकंच. लडीच्या दोऱ्यातले दोन पदर, २४ नंबरची सुई, काही बदलायला नको. १८ वर तेच चित्र चार इंचांच्याही आत येईल.

पण दहा लड्यांत झाडं होत नाहीत हो. हिरव्याच्या पाच छटा एका पालवीला लागतात. मी डीएमसी कंपनीच्या दोऱ्यांचे पाचशे रंग पूर्ण घेतले, प्रत्येक लडी चपट्या बॉबिनवर गुंडाळून नंबराप्रमाणे डब्यात लावली. आता कुठलाही चार्ट समोर आला की डबा उघडायचा आणि बसायचं. एकदाच खर्च होतो, घेऊन टाका.

खिडकीपाशी
१४ ला अनुमोदन. दिवा नको म्हणालात ते वाचलं, तरीही सांगते: दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश देणारा, भिंग असलेला दिवा घ्या. तीन वर्षं मी पिवळ्या बल्बखाली काम केलं. एका मोठ्या चित्रात दोन जवळजवळचे निळे अदलाबदल झाले, आणि ते दिवसाउजेडी दिसलं तेव्हा अर्धं आकाश भरून झालं होतं. सगळं उसवलं. भिंगाचा दिवा आल्यापासून एकदाही असं झालेलं नाही. जमिनीवर उभा राहणारा स्टँडही सोबत घेतला तर दोन्ही हात मोकळे राहतात.

गाठसोडवी
पानगळीच्या चित्रात लाल असेलच. माझं ऐका. मी शरद ऋतूची एक पट्टी केली होती, दोन महिन्यांचं काम. स्वस्तातल्या गडद लाल लड्या वापरल्या होत्या. काम झाल्यावर कोमट पाण्यात बुडवून तशीच वाळत घातली. सकाळी क्रीम कापडावर पानांभोवती गुलाबी वलयं. त्यावर इस्त्री फिरवली आणि डाग कायमचे बसले. ती पट्टी आजही कपाटात आहे, टाकवत नाही.

आता मी प्रत्येक गडद दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडावर दाबून बघते. रंग उतरला तर तो दोरा वापरत नाही. आणि भरून झालेल्या कामात रंग सुटलाच, तर ते वाळू द्यायचं नाही. थंड पाणी बदलत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग तास जावो की दोन. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्रीचं नाव काढू नका.

निळी_लडी
काउंट १४ च, पण आयडा (तयार चौकटींचं कडक भरतकामाचं कापड) कशाला? २८ काउंटचं इव्हनवीव्ह (इंचाला २८ सारखे धागे असलेलं साधं विणीचं कापड) घ्या आणि दोन-दोन धाग्यांवरून टाका घाला. माप १४ चंच येतं आणि कापड मऊ पडतं. पाव-टाके (फुलीचा चौथा हिस्सा) घालायचे असतील, पानांची टोकं वगैरे, तर मध्ये छिद्र तयार असतं. आयडावर चौकटीच्या बरोबर मध्यात सुई खुपसावी लागते. एकदा इव्हनवीव्हवर हात बसला की आयडा पुठ्ठ्यासारखं वाटतं.

उलटा_टाका
कापड कुठलंही घ्या, पाठ स्वच्छ ठेवा. गाठी नकोत. एकच लांब पदर दुमडून सुईत ओवा, पहिला अर्धा टाका घालताना मागे फास राहतो, त्यातून सुई काढली की सुरुवात पक्की. मी पूर्ण ओळ अर्ध्या टाक्यांनी भरून परत येते, डॅनिश पद्धत. मागे सरळ उभ्या रेघा दिसतात. माझ्या कामाची पाठ बघून लोक विचारतात सुलट बाजू कुठली.

सहापदरी
@उलटा_टाका, झाडाच्या पानांत प्रत्येक तिसऱ्या फुलीला रंग बदलतो. तिथे ओळ कसली भरणार? एकेक फुली पूर्ण करत जायचं, इंग्लिश पद्धत. फुलीचा वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेला पडला की झालं. पाठ फ्रेममध्ये भिंतीकडेच असते.

उलटा_टाका
भिंतीकडे असली तरी गाठीचा उंचवटा पुढून जाणवतो, आणि गडद दोऱ्याची शेपटी पांढऱ्या कापडाखालून दिसते. पाठ बघणाऱ्यांसाठी स्वच्छ ठेवत नाही मी, पुढच्या बाजूसाठी ठेवते.

जुनी_नमुनापट्टी
पद्धतींवरून वाद नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक हिची १५९८ सालची नमुनापट्टी आहे. साल भरलेल्या ब्रिटिश नमुनापट्ट्यांतली माहीत असलेली सर्वांत जुनी. फुलीच्या टाक्याबरोबर इतर कितीतरी टाके त्या एका कापडावर आहेत. त्या काळी अशी पट्टी म्हणजे टाक्यांची वही असायची, नमुना विसरला की उलगडून बघायचा. जेनने नाव आणि साल टाक्यांतच घातलं, म्हणून आपण आज तिला ओळखतो. पानगळ, तुम्हीही चारही चित्रांच्या कोपऱ्यात साल घाला. आकड्यांसाठी एका पदराची बॅकस्टिच (सलग रेघेसारखा टाका) पुरते.

दुसरी_ओळ
कापड १४ काउंटचं घ्या, हे कोणी सांगितलं असेल तर माफ करा. सुरुवात पालवीपासून. वर्षाचा क्रम तोच आहे.

तापमानपट
झाडं बाजूला ठेवा, तापमानाचा पट करा. रोजच्या तापमानाप्रमाणे रंग ठरवायचा आणि रोज ३ बाय ३ चा एक चौकोन भरायचा. दिवसाला नऊ फुल्या, वर्षाला ३२८५. दहा रंग पुरतात, म्हणजे तुमच्या दहा लड्यांतही बसतं. मी सलग दोन वर्षं केला. दोन्ही पट शेजारी ठेवले की थंडी कुठल्या आठवड्यात उतरली ते सरळ दिसतं. तुमचं फिरणं, वाचन काहीही बुडणार नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम.

खिडकीपाशी
दिवसाचं कमाल तापमान घेता की सरासरी? मी कमाल घेतलं होतं आणि उन्हाळाभर नुसता केशरी भरत बसले. कंटाळून मध्येच सोडला.

तापमानपट
म्हणून तर आधी मागच्या वर्षीचे आकडे बघून रंगांचे टप्पे ठरवायचे. जिथे दिवस जास्त तिथे टप्पे लहान.

संध्याकाळचा_तास
ऐकण्याबद्दल कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो. मी रोज पुस्तक ऐकत टाके घालतो. एकदा गोष्ट रंगात आली आणि खोड एक चौकट उजवीकडे सरकलं. ते कळलं वीस ओळींनंतर, कारण फांद्या जुळेनात. आता दिवस वाटून घेतलेत. नवा भाग मोजून सुरू करायचा त्या दिवशी शांतता. एका रंगाचा मोठा ठोकळा भरायचा त्या दिवशी पुस्तक.

आणि दर दहा चौकटींवर आखणी करा. मी बारीक नायलॉनचा दोरा वर-खाली ओवतो, काम झालं की ओढून काढतो. सुई त्यात अडकत नाही. पेनाने आखू नका.

गाठसोडवी
पेनाबद्दल अगदी खरं! उष्णतेने पुसणाऱ्या पेनाने मी आखणी केली होती. इस्त्री फिरवल्यावर रेघा गेल्या, मी खूश. चित्र भेट म्हणून थंड प्रदेशात पाठवलं. तिथे गोठवणाऱ्या थंडीत पार्सल बाहेर राहिलं आणि सगळ्या चौकटी परत उमटल्या. बहिणीने फोटो पाठवला तेव्हा रडू आलं.

निळी_लडी
पाण्याने जाणारं पेन चालतं की. मी तेच वापरते. फक्त रेघा धुऊन जाण्याआधी इस्त्री लागता कामा नये, नाहीतर त्या पक्क्या होतात.

पहिलाच_धागा
मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. सगळे १४ म्हणताहेत, पण दिसणारी जागा ५ इंच आणि चित्रही ५ इंच. मग कडेला श्वास घ्यायला जागाच नाही. कापड जरा तिरकं बसलं तरी कडेची फुलीची ओळ फ्रेमखाली जाईल. १६ काउंटवर चित्र ४.४ इंचांच्या आसपास येतं, प्रत्येक बाजूला पाव इंचाहून थोडं जास्त कापड दिसेल.

दुसरं म्हणजे वेळ. ७० गुणिले ७० म्हणजे ४९०० फुल्या, पण पार्श्वभूमी भरणार आहात की कापड तसंच सोडणार? त्यावर सगळं ठरेल. पाऊण तासात तुमच्या किती फुल्या होतात?

पानगळ
@पहिलाच_धागा, मनापासून आभार. मी फ्रेम काढून पट्टी लावून बघितली. जागा खरंच उरत नाही.

काल घड्याळ लावून मोजलं. पाऊण तासात ८० फुल्या. पार्श्वभूमी भरायची तर एका चित्राला ६१-६२ दिवस. म्हणजे पालवी फुटल्यावर पालवीचं चित्र सुरू केलं, तर ते भिंतीवर लागेपर्यंत उन्हाळा येणार.

जुनी_नमुनापट्टी
म्हणूनच ऋतूचं काम एक ऋतू आधी हातात घ्यायचं असतं. उकाड्यात बर्फ भरायचा.

आणि चित्रं बदलायची आहेत तर गोंद अजिबात नको. चार आम्लरहित पुठ्ठे एकाच मापाचे कापा. प्रत्येक चित्राची मार्जिन मागे दुमडून मजबूत दोऱ्याने आडवं-उभं ओढून शिवा. मग हवा तो पुठ्ठा फ्रेममध्ये सरकवायचा. त्यासाठी चारही बाजूंना तीन-तीन इंच कापड सोडा. आणि काच टाक्यांना टेकू देऊ नका, कडेने बारीक पट्टी घाला.

दुसरी_ओळ
रिंग रोज काढून ठेवा. माझ्या एका कामावर रिंगचा गोल वळ धुऊनही गेला नाही. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर कापड घसरतही नाही.

खिडकीपाशी
हे सगळं ठीक, पण उजेड नसेल तर मोजणार कसं? दिव्याचा विचार करा.

पानगळ
सगळ्यांचं वाचून, दोन रात्री विचार करून ठरवलं.

१६ नाही. १४ काउंटचं आयडाच, पण नमुना ६० बाय ६० चा केला. बाहेरच्या फांद्या छाटल्या, झाड उलट जास्त भरदार दिसतंय. ४.३ इंचांत बसतं, कडा मोकळी राहते. पार्श्वभूमी कुठेच भरायची नाही. तीन चित्रं क्रीम कापडावर.

आणि सुरुवात बर्फाच्या झाडापासून, गडद निळ्या कापडावर. कापडच रात्रीचं आकाश होईल. पांढरा आणि एक राखाडी, जेमतेम नऊशे फुल्या. बारा दिवसांचं काम.

दिवा घेत नाहीये. टाके संध्याकाळऐवजी सकाळी खिडकीत घालेन, संध्याकाळ फिरण्याची आणि शब्दकोड्याची. नव्या लड्या सहाच घेतल्या.

सहापदरी
गडद कापड पहिल्या स्वतःच्या नमुन्याला? छिद्रं दिसत नाहीत हो. मी काळ्या कापडावर एक मांजर सुरू केलं होतं, ते अजून अर्धं आहे, पाचशे रंग हाताशी असूनही. क्रीमवर फिकट निळ्याने बर्फ भरा.

गाठसोडवी
मीही गडद नको म्हणेन. कापड आधी धुऊन बघा, निळा सुटला तर पांढरे टाके गेले.

उलटा_टाका
माझंही मत क्रीमच. गडद कापडावर उसवल्यावर पांढरे तंतू चिकटून राहतात, काढता काढता जीव जातो.

पानगळ
@गाठसोडवी, धुतलं. तीन पाण्यांत रंग नाही सुटला. आज सकाळी कापडाची चौघडी घालून मध्य काढला, मांडीवर पांढरा टॉवेल पसरला. खालून पांढरं आलं की छिद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. खोडाच्या चाळीस फुल्या झाल्या. पण दोन फुल्यांच्या मधून निळं डोकावतंय.

संध्याकाळचा_तास
गडदवर पांढऱ्याला दोन पदर पुरत नाहीत. तीन घ्या. लडी साधारण ८ मीटरची असते, नऊशे फुल्यांना तीन पदरांनीही एक लडी पुरावी. आणि ओवण्याआधी पदर एकेक करून सुटे करा, मग एकत्र घ्या. पीळ जातो, टाका पसरतो.

पानगळ
तीन पदर म्हणजे दुमडून फास घालता येणार नाही ना? मग सुरुवात कशी करायची?

उलटा_टाका
नाही येणार, फासाला पदर सम लागतात. मागे इंचभर शेपटी सोडा, बोटाने धरून ठेवा आणि पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली दाबत जा. त्या चाळीस फुल्या उसवू नका. तिसरा पदर त्यांच्यावरूनच पुन्हा एकदा फिरवा.