सेमीकोलन कोटाच्या आत असेल तर?

लॉगमधून एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) रेजेक्सने, म्हणजे मजकूर शोधायच्या पॅटर्नने, कशी काढायची, यावर ‘सिलेक्टपासून पहिल्या सेमीकोलनपर्यंत नॉन-ग्रीडी (म्हणजे कमीत कमी मजकूर) उचला’ असं सुचवलं जातं. ते साध्या क्वेरीला चालतं. आमच्या लॉगमध्ये कुणीतरी पत्त्यात ‘फ्लॅट ४; मागचा जिना’ भरलं होतं, क्वेरी तिथेच तुटली. अर्धा दिवस मी उगाच न्यूलाइनला (ओळ बदलणाऱ्या खुणेला) शिव्या घालत बसलो.

पॅटर्नमध्ये सिलेक्ट आणि सेमीकोलनच्या मधल्या ‘काहीही’च्या जागी असं लिहा: सिंगल कोटातला अख्खा मजकूर, नाहीतर कोट आणि सेमीकोलन सोडून कुठलंही एक अक्षर, हे पुन्हा पुन्हा. नावातला दुहेरी केलेला कोटही (एसक्यूएलमध्ये मजकुरातला कोट असा दोनदा लिहितात) यात निभावतो, कारण रेजेक्सला त्या लागोपाठच्या दोन स्ट्रिंग, म्हणजे कोटातले दोन मजकूर, वाटतात. कॉमेंटमधला सुटा कोट मात्र घोळ घालतोच. आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर कॉमेंटच्या आत कॉमेंट चालते, शिवाय डॉलरच्या जोड्यांत ($$ … $$) बांधलेल्या फंक्शनमध्ये सेमीकोलनच सेमीकोलन. तिथे मी सरळ पार्सर (क्वेरी तिच्या व्याकरणानुसार वाचणारा प्रोग्रॅम) लावतो.