खोट्या नकाशाने अमेरिका युद्धात उतरली म्हणे!

तर्कट
"ब्रिटिश हेरांनी एक खोटा नकाशा रूझवेल्टच्या हातात दिला आणि अमेरिका महायुद्धात उतरली." परवा कुणीतरी हे ठोकून दिलं आणि खाली '+१'ची रांग लागली. राहवेना, म्हणून वेगळा धागा.

नकाशा होता, मान्य. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये १९४० पासून विल्यम स्टीफन्सन या ब्रिटिश हेरप्रमुखाचं दुकान होतं. पाटी पासपोर्ट कचेरीची, आत धंदा बातम्या पेरण्याचा आणि युद्धविरोधी खासदारांच्या मागे लागण्याचा. २७ ऑक्टोबर १९४१ ला रूझवेल्ट भाषणात म्हणाला, हिटलरच्या सरकारचा गुप्त नकाशा माझ्याकडे आहे, दक्षिण अमेरिकेचे पाच मांडलिक तुकडे पाडलेला. तो आला स्टीफन्सनच्या माणसांकडून. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी मागितला, तर दाखवला नाही. बरं, पुढे? अमेरिका जागची हलली नाही. ७ डिसेंबरला पर्ल हार्बर झालं आणि ११ ला हिटलरने आपणहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. यात नकाशाने काय केलं?

तिरफळ
जागची हलली नाही?? नोव्हेंबरात तटस्थता कायदा सैल करून व्यापारी जहाजांवर तोफा बसवायची परवानगी दिली, ती काय दिवाळीची रोषणाई होती? प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध १९४. त्याआधी ऑगस्टमध्ये भरती केलेल्या पोरांची सैन्यातली मुदत वाढवली, २०३ विरुद्ध २०२. एक मत! अशा ठिकाणी चार खासदार हलवले की झालं. अर्धा इतिहास सांगून 'तर्कट' नाव लावू नये.

जुनाखोंड
आणि जर्मन काय हरिपाठ म्हणत बसले होते? त्यांचा प्रचारक व्हिरेक. खासदार हॅमिल्टन फिशच्या कचेरीतला कारकून जॉर्ज हिल त्याच्या कामाला. खासदारांना टपाल फुकट, म्हणून युद्धविरोधी भाषणांचे गठ्ठे त्याच पाकिटांतून देशभर. खर्च अमेरिकन करदात्याचा! हिल शपथेवर खोटं बोलला म्हणून तुरुंगात गेला. पण शिव्या फक्त इंग्रजांना घालायच्या, ही आपली जुनी खोड.

तिरफळ
दीडशे वर्षं ज्यांनी लुटलं त्यांना शिव्या नाही घालायच्या तर काय ओवाळायचं?

तर्कट
विषय सोडू नका. नोव्हेंबरचा कायदा माझ्या लिहिण्यातून सुटला, कबूल. पण त्याआधी जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकन नौकांवर हल्ले केले होते. 'रूबेन जेम्स' ३१ ऑक्टोबरला बुडाली. मतं त्याने फिरली की कागदाने?

आमच्या सोसायटीतलं सांगतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री प्रत्येकाच्या दाराखालून निनावी पत्रक सरकवलेलं: अध्यक्षांनी टँकरवाल्याकडून पैसे खाल्ले. 'भ्रष्टाचार'मधला ष पोटफोड्या नव्हता, शहामृगातला श होता, त्यामुळे कुणी लिहिलंय हे पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांनी ओळखलं. तरी अध्यक्ष पडले. कारण दोन वर्षं नळाला पाणी नव्हतं.

मुरगावकर
अमेरिका सोडा, तटस्थ गोव्याचं बोला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगावला 'एहरेनफेल्स' आणि आणखी दोन जर्मन जहाजं, शिवाय एक इटालियन, सगळी नांगर टाकून पडलेली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले पोट सुटलेले साहेब 'फीबी' नावाच्या गाळवाहू बोटीतून आले आणि 'एहरेनफेल्स'वर चढले. माझे पणजोबा बंदरात मुकादम होते. ते सांगत, आधी वाटलं कुठल्या तरी जत्रेची दारू उडतेय, मग उजेडात समोरच्या माणसाच्या मिशा दिसायला लागल्या. इंग्रजांनी चारही जहाजं बुडवली.

जुनाखोंड
इंग्रजांनी नाही. खलाशांनी स्वतःच आग लावून जहाजं बुडवली, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून.

मुरगावकर
तुमचे पणजोबा होते का तिथे?

जुनाखोंड
नव्हते. ते कोपरगावात ऊस लावत होते. त्याने जहाजं कुणी बुडवली ते बदलत नाही.

तिरफळ
आणि हा घातपात झाला, प्रचार नव्हे. विषयांतर!

मुरगावकर
गोव्याचं आलं की विषयांतर. शाळेच्या पुस्तकात आम्ही १९६१ ला एकदम उगवतो, इथेही तेच. आणि प्रचार नाही कसा? पोर्तुगीजांनी खलाशांनाच कैदेत टाकलं आणि साहेबांनी १९७८ पर्यंत तोंड उघडलं नाही. पस्तीस वर्षं गप्प बसणं हा प्रचारच.

तिरफळ
हे शेवटचं वाक्य चांगलं आहे, नाइलाजाने मान्य. जहाजांबद्दल मात्र जुनाखोंड बरोबर, हेही नाइलाजानेच.

मुरगावकर
ठीक. आग खलाशांनी लावली. इंग्रज चढले नसते तर लावली नसती, एवढं लिहून ठेवा.

तर्कट
नकाशाबद्दल कुणी बोलणार आहे का?

जुनाखोंड
नकाशा राहू द्या. नवीन अध्यक्ष आल्यावर पाणी आलं का?

तर्कट
नाही. टँकरवालाही तोच आहे.