मदत हवी आहे: सीमालढ्याच्या आठवणी आणि कागद कसे पडताळायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही तिघं मिळून बेळगाव भागातल्या काही गावांचा सीमालढ्याचा, म्हणजे हा भाग कर्नाटकऐवजी महाराष्ट्रात यावा यासाठीच्या लढ्याचा, इतिहास लिहितोय: १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार, त्याच वर्षीची १ नोव्हेंबरची राज्य पुनर्रचना, मग सीमावादासाठी केंद्राने नेमलेला महाजन आयोग आणि १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, हे सगळं गावातल्या माणसांच्या तोंडून. मोठ्या पुढाऱ्यांबद्दल बरंच लिहून झालंय हो, पण ज्या बाईने नवरा जेलमध्ये असताना शेत सांभाळलं तिचं कुठेच नाव नाही.

अडचण अशी की एकच घटना दोन आजोबा वेगवेगळ्या वर्षी सांगतात आणि दोघंही अगदी ठाम. एका आजींनी ट्रंकेतून जेलची चिठ्ठी काढून दाखवली, चार घड्या पडलेली, शाई उडालेली, तारखेवरच नेमकी घडी. फोटो काढला पण वाचता येत नाही.

महाराष्ट्राची मागणी खेडं हा घटक धरून, म्हणजे प्रत्येक गावातली बहुसंख्य भाषा बघून सीमा ठरवावी अशी होती, म्हणून १९५१ च्या जनगणनेतले गाववार भाषेचे आकडे आम्हाला बघायचेत, ते कुठे मिळतील? जुनी मोडी आणि कन्नड कागदपत्रं वाचून देणारं कोणी आहे का? कन्नड बाजूच्या आठवणीही घ्यायच्याच आहेत, त्याशिवाय हे लिखाण अर्धवट राहील असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्डिंगसाठी लेखी परवानगी कशी घेता तेही सांगा, २००४ पासून सीमावादाची केस सुप्रीम कोर्टात असल्याने काहीजण बोलायला घाबरतात. जरा लवकर सांगा, ही माणसं आता नव्वदीला टेकलीत.