बदलापूरला राहायला जावे का? आपापले अनुभव लिहावेत

कुळगावकर :

मागच्या रविवारी भाची आणि जावई घरी आले होते. डोंबिवलीतल्या भाड्याच्या घराचा करार दोन महिन्यांत संपतो आहे आणि बदलापूर पूर्वेला, खरवईच्या बाजूला, त्यांनी एक घर पाहून ठेवले आहे. भाचीने माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवून विचारले, "मामा, घेऊ का?" आणि मला एकदम १९९७ सालचा आमचा बदलापुरातला पहिला दिवस आठवला. परळच्या चाळीतून आम्ही येथे आलो, तेव्हा सामान उतरवायच्या आधी आईने घराची दारे मोजली होती. चाळीत एकच दार होते. येथे संडास-न्हाणीघर धरून पाच दारे निघाली. त्या रात्री ती प्रत्येक दार एकदा लावून, उघडून पाहत होती.

तो आनंद मी विसरलेलो नाही. पण त्याच घरातून पुढे बावीस वर्षे मी पहाटे पावणेसहाला बाहेर पडलो आणि मुलगा चालायला कधी लागला, हे मला पत्नीच्या तोंडून कळले. म्हणून भाचीला मी लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार वस्ती असलेले हे गाव २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले आणि त्यानंतर तर डोळ्यांदेखत वाढले. तेव्हा माझा जुना अनुभव तिच्या कितपत उपयोगाचा, हेही मला ठरवता येईना. भाव काय चालला आहे ते दलाल सांगतीलच. येथे येऊन तुम्हाला काय मिळाले आणि त्यासाठी काय द्यावे लागले, ते कृपया लिहावे.

पहाटेचा प्रवासी :

माहितीपत्रकावरची मिनिटे सोडून द्यावीत आणि कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता त्या इमारतीच्या फाटकापासून दादरच्या पुलापर्यंत स्वतः घड्याळ लावून जावे. लोकलचा सव्वा तास धरला, तरी शेअर रिक्षाची रांग, फलाटावरची वाट आणि दादरहून पुढची चाल धरून माझे एका बाजूचे दोन तास होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर शंभर तास. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कर्जतहून येणारी गाडी बदलापूरला येईपर्यंत भरलेली असते; बसायला जागा मिळण्याची आशा असते ती येथून सुटणाऱ्या गाडीत, आणि तिथेही अंबरनाथहून उलट्या दिशेने बसून आलेले लोक आधीच आत असतात. त्यामुळे येथून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा आणि तुमच्या कामाची वेळ जुळते का, हे घराच्या नकाशाआधी पाहावे.

हेंद्रेपाडा :

आमचे घर पश्चिमेला, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ रोजी दुपारी पाणी अंगणात होते आणि संध्याकाळी ते ओट्यावर चढले. मी मुंबईत अडकलेलो, घरी आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तिघांना ओढून वर घेतले, दोन दिवस स्वतःच्या डब्यातले पोहे आणि गूळ वाटून खाल्ले. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा गव्हाच्या कोठीतले गहू फुगून तिचे झाकण उचलले गेले होते. वडिलांची सेवापुस्तिका, माझी प्रमाणपत्रे, मुलीच्या जन्माचा दाखला असे सगळे आम्ही गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातले. त्या कागदांना अजून चिखलाचा वास येतो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. त्या दिवशी उल्हास नदी पुन्हा आमच्या दारात होती.

कृपया पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मी चौदा वर्षांत दोनदा पाणी पाहिले, म्हणून मी 'एकदा' या शब्दावर विसंबत नाही.

कुळगावकर :

दादा, वाचून फार वाईट वाटले. पूर्वेला असल्यामुळे आम्ही त्या रात्री कोरडे राहिलो आणि सकाळी चहाचे पातेले घेऊन पश्चिमेला आलो होतो, एवढेच आमच्या हातून झाले. आई-वडील कसे आहेत?

हेंद्रेपाडा :

वडील २०११ मध्ये गेले. आई माझ्याजवळ आहे, आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. आभाळ भरून आले की अजूनही ती कागदांची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते.

बायकांचा डबा :

आमचे घर २००९ मध्ये ठरले तेव्हा दोघांचे पगार, कर्जाचा हप्ता, रेल्वेचा पास, सगळे वहीत मांडले होते. माझे तास मात्र कुणी मांडले नाहीत, मीही नाही. पहाटे चारला उठून दोन डबे, सासऱ्यांचा पथ्याचा स्वयंपाक, मग गाडी. परतताना डब्यात बसायला मिळाले तर मटार सोलायचे, मेथी निवडायची आणि उतरून थेट गॅसपाशी उभे राहायचे. मुलगी तापाने फणफणलेली असताना शाळेतून फोन आला, की मी कितीही धावले तरी पावणेदोन तासांनीच तिच्यापाशी पोहोचणार, हे माहीत असल्यामुळे कामावर माझे लक्ष कधी पूर्ण लागले नाही. शेवटी मी ठाण्याला कमी पगाराची नोकरी धरली.

आमच्या डब्यातल्या बायकांनी माझी डोहाळजेवणाची ओटी कळवा ते डोंबिवली या स्थानकांदरम्यान भरली होती. त्या मैत्रिणी मला याच गाडीने दिल्या, त्यामुळे मी या गावावर रागावलेली नाही. पण कुळगावकर दादा, भाचीलाच विचारा की दोघांपैकी कुणाची नोकरी लांब आहे आणि उद्या मूल झाल्यावर घराजवळ कोण असणार आहे. हा प्रश्न जावयांच्या समोर विचारावा.

तिसरा मजला, कात्रप :

पाण्याचे विसरू नका. सोसायटीच्या चिटणीसांकडून एप्रिल आणि मे महिन्यातली टँकरची बिले मागून घ्यावीत.

तळेगावचा :

आमचा अनुभव पुण्याकडचा आहे, पण प्रश्न तोच. दहा वर्षांपूर्वी चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून कोथरूड सोडून तळेगाव दाभाड्याला आलो. हवा चांगली, तळ्याकाठी संध्याकाळी फिरता येते, आणि सेनापती दाभाड्यांच्या काळापासूनचे गाव असल्यामुळे बाजारपेठ, देवळे, शाळा असा स्वतःचा संसार या गावाला आहे. नुसती झोपायला येण्याची जागा नाही. चूक एवढीच झाली की चाकण नकाशावर जवळ दिसले आणि आम्ही रस्ता रविवारी पाहिला. कामाच्या दिवशी संध्याकाळी त्याच रस्त्यावर ट्रकच्या मागे ट्रक लागलेले असतात. पत्नी पुण्याला लोकलने जाते. दुपारी गाड्यांमध्ये मोठे अंतर पडते आणि अर्ध्या दिवसाची रजा घेतली तर तिला स्थानकावरच बसून राहावे लागते.

जांभूळबेट :

मी येथला मूळचा. आपण सगळे घर घेणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहात, म्हणून गावाच्या बाजूने थोडे लिहितो. जिथे आज सात मजली इमारत आहे तिथे आमचे भाताचे खाचर होते आणि आजोबांची विहीर आता तिच्या वाहनतळाखाली आहे. जमीन आम्हीच विकली, त्यातून बहिणींची लग्ने झाली, तेव्हा तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. पण पावसाचे पाणी जमिनीचा सौदा ओळखत नाही. खाचरात ते जसे थांबायचे तसेच आजही त्या फाटकापाशी थांबते. येथे घर पाहायला येणाऱ्याने शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एकच विचारावे, की या जागी पूर्वी काय होते. खाचर होते, ओढा होता की माळ होता, हे तो लगेच सांगेल. जून महिन्यात स्थानकाबाहेर ठाकूर-कातकरी बायका पानांच्या द्रोणांत जांभळे घेऊन बसतात, त्यांना विचारले तरी चालेल. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि झाडे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. नवे लोक यावेत, आल्यावर सोसायटीच्या आवारात एक जांभूळ लावावे.

पहाटेचा प्रवासी :

माळावरची इमारत शोधणाऱ्यांनी कागदही तितक्याच काळजीने पाहावेत. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, नव्हते आणि ते आम्हाला राहायला गेल्यावर तीन वर्षांनी कळले. २०१७ पासून महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख पाहता येते. आमच्या वेळी तशी सोय नव्हती.

कुळगावकर :

सर्वांचे मनापासून आभार. भाचीला आणि जावयांना काल हे सगळे शेजारी बसवून वाचायला दिले. ताईंचे लिहिणे भाचीने दोनदा वाचले आणि नंतर जावयांनी आपणहून सांगितले की त्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा आहे, पण तिला एकही दिवस नाही. टोकन देण्याचे तूर्त थांबवले आहे. पावसाळा धरून अकरा महिने भाड्याने राहून पाहायचे, असे दोघांचे ठरले. खरवई किंवा शिरगाव भागात, स्थानकापर्यंत चालत जाता येईल असे घर कुणाच्या माहितीत असल्यास कळवावे. तळमजला नको.