आयातशुल्क माफ झालं तर कापसाचा खरेदीभाव नेमका किती उतरतो?

केळापूर_एफपीसी
आमची शेतकरी उत्पादक कंपनी केळापूर तालुक्यात खेडा खरेदी करते (गावात जाऊन कापूस घेते), जॉबवर्कवर म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी देऊन जिनिंग-प्रेसिंग करून गाठी आणि सरकी विकते. रुईवरचं (सरकी काढलेल्या कापसावरचं) 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ झालं. मुदत आधी 30 सप्टेंबर होती, ती 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली. सभासद विचारतात, 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये असताना तुम्ही 6,900-7,000 च काहून देता? बाजारात सगळे शुल्काकडे बोट दाखवतात. मले हिशेब पाहिजे: 11 टक्क्यांचा क्विंटलमागे फरक किती? जानेवारीत शुल्क परत लागलं तर माल धरून ठेवण्यात अर्थ आहे का? आणि बांगलादेशला थेट गाठी पाठवता येतील का?

रुई_गाठ_वणी
हिशेब उलटा करा, रुईकडून कापसाकडे. खालचे भाव धरलेले आहेत, त्या जागी त्या दिवसाचे तुमचे टाका.

विदेशी रुई बंदरात 75 सेंट प्रति पाउंड पडते असं धरू. खंडी म्हणजे 355.62 किलो, म्हणजेच 784 पाउंड. 784 गुणिले 0.75 म्हणजे 588 डॉलर, 88 रुपयांनी 51,744 रुपये. त्यावर 11 टक्के म्हणजे 5,692. शुल्कासह खंडी 57,436 ला पडली. गिरणी तुमच्या गाठीला याहून फार जास्त देणार नाही, कारण विदेशी रुईत कचरा आणि प्लॅस्टिकची सुतळी निघत नाही.

आता कापूस. क्विंटलला 34 किलो रुई, 64.5 किलो सरकी, बाकी घट. सरकी 3,500 नं धरली तर 2,257 रुपये. जिनिंग-प्रेसिंग गाठीला 1,300 धरा. 170 किलोच्या गाठीला 5 क्विंटल कापूस लागतो, म्हणजे क्विंटलला 260. हमाली, सेस, भाडं 90. शुल्क नसताना 34 किलो रुईचे 4,947 येतात. त्यात सरकी मिळवा, खर्च वजा करा: कापूस जेमतेम 6,850 ला परवडतो. शुल्क असताना तोच हिशेब 7,400 वर जातो.

म्हणजे शुल्काचा भार क्विंटलला 540-550 रुपये. आणि 8,110 ला कापूस घेतला तर गाठ 64,900 रुपये खंडीनं पडते, जी शुल्क लावूनही विकत नाही. हमीभाव आणि 6,850 यांच्यातल्या 1,250 च्या खड्ड्यात निम्म्याहून कमी वाटा शुल्काचा आहे. बाकीचा जागतिक भाव, डॉलर आणि सरकी यांचा. सभासदांना हे कागदावर मांडून दाखवा. 'शुल्कानं मारलं' म्हणणं सोपं आहे, पण त्यात उताऱ्यावरचं (क्विंटल कापसातून किती किलो रुई निघते त्यावरचं) लक्ष उडतं. उतारा 34 चा 33 झाला की क्विंटलला 110 रुपये तिथंच गेले. कवडी (किडका, अर्धवट उमललेला कापूस) आणि फरदड (जुन्या झाडांवरची उशिराची वेचणी) वेगळी न करता एकाच ढिगात टाकली की हेच होतं.

वर्धा_स्पिनिंग
एक भर. हे शुल्क 2 फेब्रुवारी 2021 पासूनचं: 5 टक्के मूळ सीमाशुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि दोन्हीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून 11. 2022 मध्येही एप्रिल ते ऑक्टोबर माफ होतं. पण निर्यातदार गिरण्या अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशनवर (निर्यातीच्या मालासाठी बिनशुल्क आयातीचा परवाना) आधीपासून बिनशुल्क रुई आणतातच. माफीचा खरा फायदा देशात सूत विकणाऱ्यांना होतो.

2025 मध्ये दुसरा मार आला तो मागणीचा. अमेरिकेनं भारतीय मालावर 7 ऑगस्टपासून 25 आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के कर लावला. तो तुमच्या गाठीवर लागला नाही, तिरुपूरच्या बनियनवर आणि पानिपतच्या टॉवेलवर लागला. तिथं ऑर्डर अडल्या की सूत अडतं. मग गिरणी तीन महिन्यांची रुई न भरता पंधरा दिवसांची घेते, पैसे लांबवते, मायक्रोनेअर (धाग्याच्या जाडी-पक्वतेचं माप) जरा कमी दिसला की कपात लावते. भावाच्या पाटीवर हे दिसत नाही. बिल वसूल करताना कळतं.

ढेप_आणि_तेल
सरकीचं कोणी धड बोलत नाही. सरकीत 100 रुपये हलले की कापसात 64 रुपये हलतात. 30 मे 2025 ला कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के केलं, एकूण भार 27.5 वरून 16.5 वर आला. पण सरकीतून तेल 10-12 टक्केच निघतं, बाकी मुख्यतः ढेप (तेल काढल्यावर उरणारं जनावरांचं खाद्य). त्यामुळे तेलाच्या शुल्कापेक्षा ढेपेचा उठाव बघा. सोयाबीनची पेंड आणि इथेनॉल कारखान्यांतला मक्याचा चोथा स्वस्त झाला की सरकी ढेपेचा भाव दबतो. ज्या दिवशी कापूस घेता, त्याच आठवड्यात सरकीचा सौदा उरकून टाका. ओली सरकी ढिगात तापते, तेलाचा रंग काळा पडतो, मग घाण्यावाला म्हणेल तो भाव.

केळापूर_एफपीसी
हिशेब पटला, सभेत फळ्यावर मांडतो. साठ्याचं सांगा. आणि हमीभावासाठी सभासदांना सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळाकडे) पाठवावं का?

रुई_गाठ_वणी
चांगला माल असेल तर जरूर पाठवा, त्यात कंपनीचा कमीपणा नाही. सीसीआय शेतकऱ्याच्याच नावावर घेते. 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी, आधार, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा, मग स्लॉट. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं प्रत्येक टक्क्याला 1 टक्का कपात, 12 च्या वर माल परत. 12 टक्क्यांचा माल 7,786 ला जातो, तरी तुमच्या 6,900 पेक्षा बराच पुढं. सकाळच्या दवात वेचलेला कापूस तसाच गाडीत भरला की ओलावा 12 ओलांडतोच. दोन दिवस ताडपत्रीवर पसरू द्या. 8,110 हा लांब धाग्याचा भाव आहे, मध्यम धाग्याला 7,710.

साठा करायचा तर गाठीचा, कापसाचा नाही. कापूस पिवळा पडतो, वाळून वजन घटतं, आगीची भीती वेगळी. गाठीवर 12 टक्के व्याजानं खंडीला महिन्याला 530 रुपये जातात, विमा-गोदाम वेगळं. 1 जानेवारीला शुल्क परत आलं तरी 5,700 एकदम चढत नाहीत, कारण डिसेंबरात उतरलेली विदेशी रुई गिरण्या दोन-तीन महिने पुरवतात. माझ्या मते चौथा हिस्सा धरा, बाकी विकत राहा. पाच टक्के आरसीएम जीएसटी (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा) रोखीनं भरावा लागतो, क्रेडिट नंतर मिळतं. त्यात पैसा अडकलेला असताना सगळा माल धरणं झेपणार नाही.

निर्यात_कागद
बांगलादेश: आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) काढा, बँकेतून एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचा क्रमांक) नोंदवा, फायटोसॅनिटरी (मालात कीड-रोग नसल्याचं) आणि धुरीकरण प्रमाणपत्र घ्या. 40 फुटी कंटेनरला साधारण 150 गाठी, म्हणजे 750 क्विंटल कापूस, तोही एकाच प्रतीचा. इथंच लहान कंपन्या अडकतात: पाच गावांचा माल, पाच मायक्रोनेअर, तिकडं तपासणीत भरपाईचा दावा लागतो. पैसे अ‍ॅट साइट एलसीवर (कागद दाखवताच पैसे देणारं बँकेचं हमीपत्र), आणि तिकडची बँक कोणती ते आपल्या बँकेला आधी विचारा. शक्यतो कन्फर्म्ड एलसी मागा, म्हणजे दुसऱ्या बँकेचीही हमी असलेली. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी भूबंदरांतून सूत घेणं थांबवलं, मे मध्ये आपण त्यांचे तयार कपडे भूबंदरांतून बंद केले. रुई त्यात नव्हती, पण ट्रकनं माल पाठवायच्या आधी त्या आठवड्यातली अधिसूचना बघाच. पहिल्या खेपेला निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत जा.

संत्रापट्टा_वरूड
बांगलादेशच्या भरवशावर राहायचं तर आमच्याकडं बघा राजेहो. संत्र्यावर 2019 मध्ये त्यांचं किलोला 20 टका आयातशुल्क होतं, 2023 मध्ये 88 झालं. बागा तोडणीला आलेल्या, कॅरेट भरलेले, आणि माल नागपूर-दिल्लीच्या बाजारात पडेल भावानं. गाठ निदान गोदामात टिकते.

निर्यात_कागद
संत्र्याचं खरं आहे. केळापूरवाल्यांना एकच: जानेवारीबाबत अधिसूचना आली की शुल्काच्या टक्क्याआधी त्यात तारीख कोणती धरली ते वाचा. बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजात चढल्याच्या पावतीची) असेल तर समुद्रात असलेला मालही माफीत येतो आणि भाव आणखी सहा-आठ आठवडे दबलेला राहतो. तसं दिसलं तर तो चौथा हिस्साही धरू नका.