बारावीतच मेडिकलची सीट पक्की: अमेरिकेला यातून फॅमिली डॉक्टर मिळतील का?

रानमोगरा (पेनसिल्व्हेनिया)

इथल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की 'बीएसएमडी'ची कुजबूज सुरू होते. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जायची पद्धत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट परीक्षा, मग चार वर्षं एमडी (आपल्या एमबीबीएससारखी), मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची. म्हणजे एकूण 11 वर्षं. काही विद्यापीठं मात्र शाळा सुटतानाच मुलाची मेडिकलची जागा राखून ठेवतात, तेच हे बीएसएमडी. ग्रेड टिकवायचे, अटी पाळायच्या, की पुढचं दार उघडं.

यातल्या काही योजना प्रायमरी केअरसाठीच, म्हणजे पेशंट आधी ज्याच्याकडे जातो तसे फॅमिली डॉक्टर घडवण्यासाठीच, काढलेल्या आहेत. न्यू मेक्सिको विद्यापीठाची 2006 पासून आहे. वर्षाला 28 मुलं, मुख्यतः त्याच राज्यातली, आणि एका उन्हाळ्यात त्यांना आल्बुकर्की सोडून लहान गावांत राहायला पाठवतात. न्यूयॉर्कला हार्लेममध्ये सिटी कॉलेजचा सोफी डेव्हिस कार्यक्रम 1973 चा. तिथे पूर्वी चक्क लिहून घेत: शिकून झालं की दोन वर्षं राज्यातल्या डॉक्टर-टंचाईच्या भागात प्रायमरी केअर करायचं, नाहीतर पैसे भरायचे.

गरज खरी आहे. इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा 2024 चा अंदाज आहे की 2036 पर्यंत नुसत्या प्रायमरी केअरमध्ये 20,200 ते 40,400 डॉक्टर कमी पडतील.

माझं म्हणणं असं: या नावाने राखलेल्या जागा जिथे डॉक्टर नाहीत तिथल्याच मुलांना द्याव्यात. आपल्या सबर्बमधल्या मुलांना नकोत. मध्यंतरी ओळखीतल्या दोन मुलांचे अर्जाचे निबंध वाचायला मिळाले. एकात फूड बँकेत भेटलेली आजी, जिच्याकडे इन्सुलिनला पैसे नव्हते. दुसऱ्यातही फूड बँक, आजी, इन्सुलिन. प्रवेशाचे अर्ज करून देणारा कन्सल्टंट एकच होता, हे नंतर कळलं. त्यातल्या एकाच्या वडिलांनी मला मोकळेपणाने सांगितलं, "आधी आत तर शिरू दे, कार्डिऑलॉजीचं पुढे बघू."

जर्सीतली जाऊ

राग मानू नका, पण आमच्या मुलांनी सेवेबद्दल लिहिलं की ढोंग, आणि खेड्यातल्या मुलाने लिहिलं की तळमळ? दोन निबंधांवरून अख्ख्या समाजाला झोडपायचं?

माझी मुलगी यंदा अशा तीन ठिकाणी अर्ज करतेय. दर शनिवारी नर्सिंग होममध्ये जाते, आणि तिथे सेल्फी काढत नाही, आजोबांची नखं कापते. उद्या तिने कार्डिऑलॉजी घेतली तर घेतली. सतराव्या वर्षी दिलेला शब्द तिने अठ्ठाविसाव्या वर्षी पाळायलाच हवा, हा कुठला न्याय? आपण स्वतः बारावीत जे ठरवलं होतं ते किती जण करतोय?

आणि टंचाई फक्त गहू पिकतो तिथेच आहे का? आमच्या टाउनमध्ये नवीन पेशंट घेणारा पीसीपी (फॅमिली डॉक्टर) शोधून दाखवा. सासूबाईंसाठी फोन फिरवले, सगळीकडे 'वेटिंग लिस्ट'.

शंकासुर

दोघीही प्रवेशावर भांडताय. गळती पुढे आहे.

मेडिकल संपवून बाहेर पडणाऱ्या, कर्ज काढलेल्या पोराच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असतात. ऑर्थोपेडिकवाला फॅमिली डॉक्टरच्या दुपटीच्या आसपास कमावतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. त्यात 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी मेडिकलचं सरकारी कर्ज वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख डॉलरवर रोखलंय, उरलेला खर्च भागवणारं सरकारी 'ग्रॅड प्लस' कर्ज बंद. वरचे पैसे खाजगी बँकेकडून, बँकेच्या व्याजाने. आता सांगा, हे पोरगं दिवसाला वीस-बावीस पेशंट बघून रात्री चार्ट लिहिणारं काम घेईल, की ॲनेस्थेशिया?

न्यूयॉर्क विद्यापीठाने लाँग आयलंडला 2019 मध्ये प्रायमरी केअरसाठी वेगळं कॉलेज काढलं, तीन वर्षांचं आणि फी माफ. हे मला पटतं. वर्षही कमी, कर्जही कमी. सतराव्या वर्षी कुणाला हेरता याने काय फरक पडतो?

वऱ्हाडी ठेचा (वर्धा)

तुमच्या अमेरिकेत जे 28 जणांना मिळते ते आमच्याकडे सगळ्यांनाच आहे की! बारावी झाली, नीट निघाली, थेट एमबीबीएस. तरी आमची पीएचसी पहा. बोर्डावर मेडिकल ऑफिसरचे नाव रंगवलेले असते, खुर्चीत कोणी नसते. लवकर घेतल्याने गावात डॉक्टर येतो, हे आमच्यावरून तरी सिद्ध होत नाही.

बाँडचेही ऐका. सरकारी कॉलेजातून निघाल्यावर एक वर्ष सेवा, नाही केली तर 10 लाख. ज्याच्या बापाकडे पैसे त्याने भरावे, नाहीतर नीट पीजीच्या अभ्यासाच्या नावाखाली टोलवत राहावे, असे वर्षानुवर्षे चालले.

सेवाग्रामचे थोडे वेगळे. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये काढलेले कॉलेज. नवीन मुलांना आधी आश्रमात ठेवतात, सूतकताई, सफाई, प्रार्थना. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि तिथल्या घरांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवते. पूर्वी प्रवेशाला गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट आली अन् तो गेला. मुद्द्याची गोष्ट म्हणजे तिथेच पीजी पाहिजे असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा. दंड नाही, बक्षीस आहे. बाँडपेक्षा हे मला शहाणपणाचे वाटते.

जर्सीतली जाऊ

पेपरला गांधीविचार पाठ करणारेही असतीलच की. त्यांचेही क्लासेस असतील.

वऱ्हाडी ठेचा

होते ना! गाइडंही मिळत. पण पाठ करायच्या निमित्ताने का होईना, वाचले तर.

गव्हाळ (पश्चिम कॅन्सस)

गहू पिकतो तिथूनच लिहितोय, म्हणून राहवलं नाही.

एमबीबीएस मराठवाड्यात, रेसिडेन्सी इथे. जे-1 व्हिसावर आलेल्याला शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जावं लागतं. ते टाळायचं तर टंचाईच्या भागात तीन वर्षं काम. 1994 पासूनची तरतूद आहे, प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा. मी तसाच आलो आणि राहिलो. बरोबरचे बहुतेक तीन वर्षं भरताच डॅलस, शिकागो. त्यांना दोष देत नाही, बायकोला नोकरी नाही, मुलांना शाळा नाही, दळणाला गिरणी नाही.

पण प्रायमरी केअर म्हणजे काय ते एका पेशंटवरून सांगतो. जूनमध्ये कापणी चालू असते. साठीतला शेतकरी, साखर तीनशेच्या वर, पायाला जखम. मी फोनवर फोन केले. माझी नर्स म्हणाली, गहू एलेव्हेटरला (धान्याच्या कोठाराला) पोचेपर्यंत हा येणार नाही, तुम्ही गप्प बसा. दुपारी ती ड्रेसिंगची पिशवी घेऊन एलेव्हेटरवर गेली. धान्याच्या ट्रकांची रांग लागलेली, हा आपल्या ट्रकमध्ये बसलेला. त्याचा बूट तिथेच काढला, मला फोटो पाठवला, अँटिबायोटिक सुरू केलं. बोट वाचलं. ही नर्स याच काउंटीत वाढलेली. मला हे सुचलं नसतं, कारण रांगेत तो दोन तास रिकामा असतो हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून रानमोगरांशी सहमत, पण अर्धाच. शाळेतून निवडायचं म्हटलं तर आमच्या काउंटीतलं पोरगं मार खाणार. इथल्या हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीची) केमिस्ट्री नाही, कौन्सेलर आठवड्यातून एकदा येते. बीएसएमडी हे नावही त्याने ऐकलेलं नसतं. कॅन्सस विद्यापीठाची ग्रामीण मुलांसाठीची योजना म्हणून मला बरी वाटते: मूल पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना निवडतात, गावातल्या डॉक्टरबरोबर काम करायला लावतात, मग मेडिकलची जागा देतात. शिवाय 2011 मध्ये त्यांनी सलायना या लहान शहरात मेडिकलची शाखा काढली, सुरुवातीला बॅच आठ जणांची. मुलगा विशीत असतो, त्याने डॉक्टरची रात्रपाळी पाहिलेली असते. शिवाय राज्याची कर्जयोजना आहे: जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं टंचाईच्या भागात काम.

शंकासुर

हे मान्य. पण म्हणजे शेवटी पैसेच आले ना?

रानमोगरा

पैसे आलेच, पण नुसते पैसे नाहीत. माझ्याच राज्यातलं उदाहरण देते, आधीच द्यायला हवं होतं.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन कॉलेजने 1974 मध्ये टंचाईच्या भागांसाठी योजना सुरू केली. खेड्यात वाढलेली आणि फॅमिली मेडिसिनच करायचंय म्हणणारी मुलं निवडायची. मुलं तसं लिहून देतात, पण शब्द मोडला तर दंड वगैरे काही नाही. हॉवर्ड रॅबिनोविट्झ यांनी या मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. 1978 ते 1991 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सात मेडिकल कॉलेजांतून 14,710 डॉक्टर बाहेर पडले, त्यात या योजनेतले 206. म्हणजे जेमतेम 1.4 टक्के. पण त्या सर्वांपैकी जे राज्याच्या ग्रामीण भागात फॅमिली डॉक्टर झाले, त्यांत यांचा वाटा 21 टक्के. आणि 11 ते 16 वर्षांनी पाहिलं तेव्हा योजनेतून गावात गेलेल्यांपैकी 68 टक्के त्याच भागात तेच काम करत होते. योजनेबाहेरून तिथे गेलेल्यांपैकी 46 टक्के.

शंकासुर, तुमच्यासाठी आणखी एक. जे खेड्यातले होते, पहिल्या वर्षी फॅमिली मेडिसिनच म्हणत होते, पण योजनेत नव्हते, तेही बऱ्याच प्रमाणात गावात गेले. म्हणजे कॉलेजने काय शिकवलं यापेक्षा कुणाला घेतलं, यात यश जास्त होतं.

शंकासुर

14 वर्षांत 206. वर्षाला पंधरा. तुमच्या 40,400 च्या खड्ड्यात पंधरा टाकून काय होणार? आणि ज्यांना जायचंच होतं त्यांना निवडलं तर ते जाणारच, यात योजनेचं कौतुक काय?

गव्हाळ

आमच्या काउंटीला एकच डॉक्टर हवाय. पंधरा आले तर पंधरा काउंट्या सुटल्या. आणि ज्यांना जायचं असतं ते एरवी मेडिकलच्या दारापर्यंतच पोचत नाहीत, हे कौतुक. एमकॅटच्या पाच-सहा गुणांनी मागे पडतात आणि विषय संपतो.

जर्सीतली जाऊ

आकडे वाचले. खेड्यातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा ठेवा, माझी काही हरकत नाही. न्यू मेक्सिकोने तेच केलंय, राज्याबाहेरच्याला तिथे फारसा वावच नाही, मग आमच्या मुली तिथे अर्ज करतच नाहीत. पण ज्या विद्यापीठांनी दार सगळ्यांना उघडं ठेवलंय तिथे आम्ही ठोठावलं तर अपराधी का वाटून घ्यायचं? नियम बदलायचा तर विद्यापीठाला सांगा, माझ्या सतरा वर्षांच्या मुलीला नको. आणि रानमोगरा, त्या कन्सल्टंटचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा. टाळायचा आहे.